धांव संपल्यानंतर



मुंबईंत परळच्या सीमेवर हिंदमात्याचा चौक आहे. एका चित्रगृहावरून त्याला हें नांव पडलें. कापडाच्या दुकानांसाठीं तो जितका प्रसिद्ध, तितकाच पावसाळ्यांत तुंबणाऱ्या पाण्यासाठींहि प्रसिद्ध आहे. या चौकापासून थोड्याच अंतरावर इस्पितळांची जणूं एक पेठच वसलेली आहे. के. ई. एम., टाटा, वाडिया हीं नांवें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतहि ठाऊक आहेत. त्याच पेठेंत आणखी एक जुनें इस्पितळ आहे, आणि तेथील रोग्यांना आपलें दुखणें तोंडानें सांगतां येत नाहीं. तें म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या उदारपणामुळें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभें राहिलें, आणि त्याच्या आश्रयानें १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें.

तो काळ कष्टाळू जनावरांचा होता. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत. गोदीवरील माल बैलांच्या खटाऱ्यांतून शहरांत येई. घोड्याचा पाय दुखावला, बैलाचा खांदा सुजला, तर त्याच्यासाठीं परळचें दार उघडें झालें. बरा झालेला बैल पुन्हां गाडीला जुंपला जाई. परंतु बरा होऊनहि जुंपण्याजोगा जो उरला नाहीं, त्यानें बाकीचें आयुष्य कोठें काढावें, हा प्रश्न औषधानें सुटणारा नव्हता. तोच प्रश्न आजच्या भाषणाचा विषय आहे. फक्त येथें घोड्याच्या आणि बैलाच्या जागीं कुत्रा आहे. आणि ज्याच्यापासून या विचारास आरंभ करावयाचा, त्या कुत्र्याच्या अंगीं वाऱ्याचा वेग आहे.

ग्रेहाउंड ही कुत्र्यांतील सर्वांत वेगवान जात होय. लांब पाय, खोल छाती, आंत गेलेलें पोट, कमानीसारखी पाठ, आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीं. थोड्या अंतरापुरता हा कुत्रा ताशीं साठसत्तर किलोमीटरच्या वेगानें धांवतो. वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या वर्गांत तो मोडत नाहीं. डोळ्यांनीं शिकार हेरावी आणि वेगानें तिला गांठावें, ही त्याची रीत. पूर्वीं त्याच्यापुढें खरा ससा सोडीत. १९१९ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत ओवेन पॅट्रिक स्मिथ यानें वाटोळ्या मैदानावर यंत्रानें पळणारा खोटा ससा आणला. १९२६ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडमध्यें मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर त्याच पद्धतीची शर्यत झाली, आणि पाहतां पाहतां कारखाने सुटल्यावर पैजा लावण्याचें तें कामकऱ्यांचें आवडतें ठिकाण झालें. घोड्यांची शर्यत श्रीमंतांची आणि कुत्र्यांची गरिबांची, असें तेथें समजत.

आतां एक साधी वजाबाकी मांडून पाहावी. ग्रेहाउंड दीड वर्षाच्या सुमारास शर्यतींत उतरतो. तीन ते पांच वर्षांचा होईतों त्याची कारकीर्द आटोपते; पाय दुखावला तर त्याहूनहि लवकर. निसर्गानें त्याला दिलेलें आयुष्य मात्र बारातेरा वर्षांचें आहे. बारांतून चार गेले, उरले आठ. आयुष्याचा एक तृतीयांश भाग कोणाच्या तरी तिजोरीसाठीं झिजला, आणि उरलेले दोन तृतीयांश कोणाच्याहि हिशेबांत धरलेले नाहींत. या धंद्यांतील सारें दुःख या एका वजाबाकींत सांठलेलें आहे. धांवणाऱ्या कुत्र्याचा खर्च बक्षिसांतून निघतो. न धांवणाऱ्याचा निघत नाहीं.

मिक द मिलर नांवाच्या कुत्र्यानें १९२९ व १९३० अशा लागोपाठच्या दोन वर्षीं इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याचें पुष्कळ कौतुक झालें, तो चित्रपटांतहि झळकला, आणि मेल्यावर पेंढा भरलेलें त्याचें शरीर संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. परंतु प्रत्येक शर्यतींत पहिला येणारा एकच असतो. बाकीच्यांचें काय होतें, याचें एक उत्तर २००६ सालीं इंग्लंडच्या डरहॅम परगण्यांतील सीहॅम गांवीं मिळालें. इमारतीचें सामान विकणारा एक मनुष्य कुत्र्यामागें दहा पौंड घेऊन, शर्यतींतून बाद झालेले ग्रेहाउंड वर्षानुवर्षें मारीत व आपल्या जमिनींत पुरीत असल्याचें एका वर्तमानपत्रानें उघडकीस आणलें. मेलेल्यांची संख्या हजारोंच्या घरांत सांगितली गेली. न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें तें परवान्यावांचून प्रेतें पुरल्याबद्दल. मालकाच्या संमतीनें निरोगी कुत्र्याला झटकन मारणें हा तेथील कायद्यानें गुन्हाच नव्हता. जमीन दूषित झाली याची दखल घेतां आली. आठ वर्षांचें आयुष्य बुडालें याची घेतां आली नाहीं.

याच देशांत दुसरें एक काम १९७५ पासून चाललेलें होतें. त्या वर्षीं निवृत्त ग्रेहाउंडांना कुटुंबांत घर मिळवून देणारी संस्था तेथें स्थापन झाली. पुढें अमेरिकेंत आणि ऑस्ट्रेलियांतहि अशा संस्था निघाल्या, आणि ज्या कुत्र्याकडे लोक केवळ आंकडा लिहिलेलें रंगीत जाकीट म्हणून पाहात, तो घरांतल्या सतरंजीवर निजूं लागला. लोकमतहि हळूहळू पालटलें. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यांतील मतदारांनीं २०१८ सालीं या शर्यतींविरुद्ध कौल दिला व २०२० च्या अखेरीस त्या तेथें थांबल्या. न्यूझीलंडच्या सरकारनें डिसेंबर २०२४ मध्यें शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

परंतु शर्यत बंद करणें हें एका दिवसाचें काम आहे. कुत्र्यांना घर देणें हें तसें नाहीं. आपल्या आशिया खंडांतील मकाव शहरांत कॅनिड्रोम नांवाचें मैदान होतें. १९६३ पासून तेथें नियमानें कुत्रे धांवत. जुलै २०१८ मध्यें तें बंद झालें तेव्हां पांचशेंहून अधिक ग्रेहाउंड मागें उरले. ज्यांनीं त्यांच्यावर पैसा मिळविला होता ते दूर झाले, आणि ज्यांनीं एक पैहि मिळविली नव्हती त्या प्राणिमित्रांनीं देशोदेशीं पत्रें धाडून, एकेका कुत्र्यासाठीं एकेक कुटुंब शोधून काढलें. काम कित्येक महिने चाललें. ही हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मैदानावर जमाव लागतो. घराला मात्र एकच दार असतें, आणि तें एका वेळीं एकालाच उघडतें.

असा कुत्रा घरीं आणणें म्हणजे काय, तेंहि समजून घेतलें पाहिजे. रस्त्यावरच्या कुत्र्यानें घर निदान बाहेरून तरी पाहिलेलें असतें. शर्यतीच्या ग्रेहाउंडानें पिंजरा, गाडी आणि मैदान यांपलीकडे जग पाहिलेलें नसतें. त्याला जिना ठाऊक नसतो. पहिल्या पायरीपाशीं तो थबकतो आणि खिळल्यासारखा उभा राहतो. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फांकतात. कांचेचें दार त्याला दिसत नाहीं, आणि आरशांतील कुत्रा त्याला खरा वाटतो. कुकरची शिटी, दाराची घंटा, पंख्याची फिरती सांवली, यांतील प्रत्येक गोष्ट त्याला नवी असते. चार वर्षांच्या धिप्पाड जनावराला येथें बाराखडीपासून आरंभ करावा लागतो. शिकविणाऱ्यानें एकच सूत्र पाळावें: घाई करूं नये. पहिले कांहीं दिवस एक ठरलेला कोपरा, ठरलेल्या वेळीं अन्न आणि ठरलेल्या वेळीं फेरी, एवढें पुरे होतें. अंथरूण मात्र जाड हवें; अंगावर चरबी नसल्यामुळें उघड्या लादीवर त्याचीं हाडें टेंकतात.

लोकांची एक समजूत अशी कीं इतक्या वेगानें धांवणाऱ्या कुत्र्याला मोठें आवार लागत असेल. खरा प्रकार उलट आहे. ग्रेहाउंड दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. सकाळसंध्याकाळ नेमानें फिरावयास नेलें, म्हणजे लहानशा बिऱ्हाडांतहि तो समाधानानें राहतो. तो फारसा भुंकत नाहीं, म्हणून राखणीसाठीं त्याचा उपयोग बेताचाच. झोपेंत मात्र त्याला एकाएकीं हात लावूं नये. पुष्कळ ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून निजतात. मुलांस तो जागा वाटतो, तीं जवळ जातात, आणि तो दचकून गुरगुरतो. आधीं नांवानें हांक मारावी, मग हात लावावा, हा धडा मुलांना पहिल्या दिवशींच दिला पाहिजे.

रस्त्यावर नेतांना त्याला कधींहि मोकळें सोडूं नये. समोरून मांजर पळालें कीं त्याच्या मनांतील जुना ससा जागा होतो, आणि हांक ऐकूं येण्यापूर्वींच तो दोन चौक ओलांडून गेलेला असतो. तो हट्टी असतो असें मुळींच नाहीं. ज्या एका कामासाठीं त्याला पिढ्यान् पिढ्या घडविलें, तेंच तो करीत असतो. त्याची मान डोक्याइतकीच जाड असल्यामुळें साधा पट्टा सहज निसटतो. त्याच्यासाठीं रुंद पट्टा घ्यावा लागतो. त्याच्या शरीराचे कांहीं विशेष वैद्यालाहि सांगावे लागतात. भूल देण्याचीं कांहीं औषधें त्याच्या अंगांतून फार सावकाश उतरतात. रक्तांत तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून अधिक असतात, त्यामुळें तपासणीचे आंकडे पाहून नसता रोग असल्याचा भास होऊं शकतो. त्याच रक्ताचा दुसरा गुण असा कीं पुष्कळ ग्रेहाउंडांचें रक्त इतर जातींच्या कुत्र्यांनाहि देतां येतें. परदेशांत कित्येक निवृत्त ग्रेहाउंड या मार्गानें आजारी कुत्र्यांचे प्राण वांचवितात.

मुंबईंत कुत्र्यांच्या शर्यतीचें मैदान नाहीं. महालक्ष्मीला धांवतात ते घोडे. महाराष्ट्राच्या गांवोगांवीं धांवतात ते बैल. तरीहि ग्रेहाउंडाचा एक भाऊबंद आपल्या दारींच आहे. दख्खनच्या पठारावर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूस, मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या वस्तीवर जो सडपातळ, लांब तोंडाचा कारवान कुत्रा दिसतो, तो त्याच वळणाचा. उत्तर कर्नाटकांत त्याला मुधोळच्या नांवानें ओळखतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं ही जात जोपासली, आणि २००५ सालीं भारताच्या टपाल खात्यानें तिच्या चित्राचें तिकीट काढलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि या कुत्र्याचें पिढीजात काम संपलें. म्हणजे येथें एकेक कुत्राच काय, सारी जातच निवृत्त झाली आहे. कोणी हौसेनें असें पिलूं शहरांत आणतो, त्याचा आवेग पाहून कंटाळतो, आणि शेवटीं त्याला रस्ता दाखवितो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यांत, उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे; पण त्याच कायद्यानें पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. एवढ्या रकमेनें कोणाची विवेकबुद्धि जागी होणार?

परंतु मुंबईला निवृत्त कुत्र्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें भेटला तो पोलिसांच्या श्वानपथकांत. १२ मार्च १९९३ रोजीं या शहरांत बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या शोधांत झंजीर नांवाच्या लॅब्राडॉर कुत्र्यानें तीन हजार किलोंहून अधिक स्फोटक द्रव्य, सहाशें डिटोनेटर आणि २४९ हातबाँब हुडकून दिले. यांतील एकेका वस्तूनें किती घरें उजाड झालीं असतीं, याचा हिशेब कोणालाहि करतां येणार नाहीं. पुढें त्याला हाडांचा कर्करोग झाला, आणि नोव्हेंबर २००० मध्यें परळच्या जनावरांच्या इस्पितळांत तो वारला. तेव्हां तो आठ वर्षांचा होता. पोलिसांनीं सन्मानपूर्वक त्याला निरोप दिला. सन्मान मिळाला; निवृत्तीचा एक दिवसहि त्याच्या वांट्यास आला नाहीं.

त्यानंतर २००८ चा नोव्हेंबर आला. २६ तारखेच्या रात्रीं शहरावर हल्ला झाला, आणि मॅक्स, टायगर, सुलतान व सीझर या पोलिसांच्या चार लॅब्राडॉर कुत्र्यांनीं त्या दिवसांत काम केलें. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांनीं टाकलेले हातबाँब सीझरनें शोधले. नरिमन हाउसच्या तपासणींतहि तो होता. पुढें म्हातारपणीं हे चौघे निवृत्त झाले, तेव्हां विरारच्या एका शेतावर एका प्राणिप्रेमी बाईंनीं त्यांना आसरा दिला. तेथें त्यांना मोकळी जमीन मिळाली, सोबत मिळाली, आणि कोणाच्या हुकुमावांचून उन्हांत पडून राहण्याचा अधिकार मिळाला. आजारपणांत परळच्या त्याच जुन्या इस्पितळांतून त्यांच्यावर उपचार झाले. २०१६ या एकाच वर्षांत चौघेहि गेले. शेवटचा सीझर ऑक्टोबर महिन्यांत.

शर्यतीच्या कुत्र्यांत आणि पोलिसांच्या कुत्र्यांत एक मोठा भेद आहे. शर्यतीचा कुत्रा तरुणपणींच बाद होतो. त्याच्यापुढें आठ वर्षें असतात, पण पाठीमागें कोणी नसतें. पोलिसांचा कुत्रा आठदहा वर्षें राबून म्हातारा होतो. त्याच्यापुढें दोनतीन वर्षेंच असतात, पण पाठीमागें एक माणूस असतो. ज्या शिपायानें त्याला पिलूं असतांना शिकविलें, रोज चारलें, ज्याच्या एका इशाऱ्यावर तो स्फोटकांनीं भरलेल्या खोलींत शिरला, त्या शिपायापासून निवृत्तीच्या दिवशीं त्याची ताटातूट होते. त्या कुत्र्याला बढती कळत नाहीं, बदली कळत नाहीं. फक्त रोजचें माणूस आलें नाहीं, एवढेंच कळतें. न्यायानें पाहिलें तर असा कुत्रा त्या शिपायाच्याच घरीं जावा. पण नायगांवच्या आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींत एकशें साठ चौरस फुटांच्या खोलींत ज्या पोलिसांचे संसार पिढ्यान् पिढ्या झाले, त्यांनीं एवढें जनावर कोठें निजवावें? मन मोठें असून खोली लहान असणें, ही या शहराची जुनी व्यथा आहे.

सैन्यांतील कुत्र्यांची गोष्ट याहून कठीण होती. काम करण्यास असमर्थ ठरलेल्या कुत्र्यांना सैन्यांत यातना न होऊं देतां मरण देतात, हें २०१५ सालीं माहितीच्या अधिकारांतून बाहेर आलें. लोकांना तें सहन झालें नाहीं, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि धोरण बदललें. त्यानंतर मेरठच्या लष्करी केंद्रांतून निवृत्त कुत्रे कुटुंबांना दत्तक देण्याची रीत सुरू झाली. जी गोष्ट अशक्य म्हणून वर्षानुवर्षें केली जात नव्हती, ती लोकांनीं विचारल्याबरोबर शक्य झाली. यावरून लोकांच्या प्रश्नाचें बळ ध्यानांत यावें.

मुंबईच्या एखाद्या कुटुंबाला असा कुत्रा घ्यावयाचा असेल, तर त्यानें भरल्या डोळ्यांनीं निर्णय करूं नये. कोरड्या डोळ्यांनीं करावा. घरांतील सर्वांची संमति घ्यावी. जिची घेतल्यावांचून चालणार नाहीं, ती दुपारीं घरीं असणारी व्यक्ति असते. शेजाऱ्यांशीं आधींच बोलावें. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणें गृहनिर्माण संस्थेला कुत्रें पाळण्यास सरसकट बंदी करतां येत नाहीं, हें खरें. पण जिन्यांत रोज भेटणाऱ्याशीं कायद्यापेक्षां गोडीनें वागणें बरें. महानगरपालिकेचा परवाना काढावा, टोंचण्या वेळेवर द्याव्यात. वैशाखांत फिरणें पहांटे व रात्रीं उशिरां ठेवावें. डांबर हाताला पोळत असेल तर तें पंजालाहि पोळतें. दिवाळींत फटाक्यांच्या वेळीं त्याला आंतल्या खोलींत, माणसाच्या सोबतीनें ठेवावें. हिंदमात्याला गुडघाभर पाणी सांचतें त्या दिवशीं त्याला बाहेर कोठें न्यावयाचें, याचाहि विचार आधींच केलेला बरा. आणि म्हातारपणाच्या औषधांसाठीं दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. म्हातारा कुत्रा घरीं आणणें म्हणजे प्रेमाबरोबर एक दुःखहि घरीं आणणें होय. ज्याला त्याचें भय वाटतें त्यानें इस्पितळास मदत करावी, तींतहि कमीपणा नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. याच परळच्या रस्त्यांवर, टाटा इस्पितळांत उपचारासाठीं आलेल्या गरीब रोग्यांचे नातेवाईक फुटपाथावर निजतात. माणसाला जेथें छप्पर नाहीं तेथें कुत्र्याच्या घराची चिंता कशाला, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, फुटपाथावर निजणाऱ्याचें छप्पर कुत्र्यानें हिरावलेलें नाहीं. जनावरांचें इस्पितळ आणि माणसांचीं इस्पितळें या एकाच पेठेंत वर्षानुवर्षें शेजारीं शेजारीं उभीं आहेत, आणि एकामुळें दुसऱ्याचें दार कधीं बंद झालें नाहीं. उलट, एकाची उपेक्षा करण्याची संवय जडली म्हणजे ती तेथेंच थांबत नाहीं. हें गिरणगांवाला कोणी शिकवावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर ज्यांच्या हातचें काम गेलें, त्या हजारों कामगारांनीं आपल्याच अंगावर अनुभवलें आहे कीं, काम आहे तोंवर माणूस मोलाचा, आणि काम संपलें कीं तो कोणाच्याच वहींत नाहीं. ज्यांनीं तें सोसलें त्यांच्या वस्तींत हा प्रश्न परका वाटूं नये.

आपली परंपराहि या बाबतींत मुकी नाहीं. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दारीं पोंचतो, तेव्हां इंद्र त्याला मागून आलेल्या कुत्र्यास सोडून रथांत बसावयास सांगतो, आणि जो आश्रयास आला त्याला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. वाघापासून त्यानें महाराजांचे प्राण राखले, अशी परंपरागत कथा आहे. मात्र समाधि बांधली जाते ती मेल्यावर. जिवंत असतां त्याला लागतें तें एक अंथरूण, एक वाडगा आणि एक ओळखीचा आवाज.

म्हणून दयेबरोबर व्यवस्थाहि हवी. विरारच्या बाईंची दया थोर. परंतु अशी बाई भेटली नसती तर काय, हा प्रश्न उरतोच. ज्या दिवशीं पिलूं कामावर घेतलें जातें, त्याच दिवशीं त्याच्या निवृत्तीची तरतूद कागदावर यावी. शर्यत असेल तर प्रत्येक बक्षिसांतून वांटा काढून ठेवावा. सरकारी पथक असेल तर म्हातारपणाचा दवाखाना व खुराक यांचा खर्च त्याच पथकाच्या अंदाजपत्रकांत धरावा. पहिला हक्क त्याला सांभाळणाऱ्या शिपायाचा असावा, आणि शिपायास तें शक्य नसेल तर इच्छुक कुटुंबांची यादी आधींपासून तयार असावी. कामाचा मोबदला काम संपल्यावर देणें यास दान म्हणत नाहींत. तें देणें असतें, आणि देणें वेळेवर फेडावयाचें असतें.

ज्यानें आपल्यासाठीं धांव घेतली, त्याला धांव संपल्यावर बसावयास जागा मिळावी, एवढीच ही गोष्ट आहे. ज्यांच्या घरांत तेवढी जागा आहे आणि मनांतहि आहे, त्यांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.